होडीवरचा अंगठा

त्या अर्जाची आठवण झाली की मला आजही हसू येतं. पोलिसाच्या नोकरीत हसू आणणारी प्रकरणं फार थोडी. त्यातलं हे एक, म्हणून लिहून ठेवतो. नावं घेत नाही. ती माणसं आजही खाडीकाठी सुखानं राहतात.

मी तेव्हा डोंबिवलीच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सोमवारची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदारानं पन्नाशीच्या एका गृहस्थाला माझ्याकडे पाठवलं. हा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि तिथेच ठाणे शहरात राहायचा. वडील डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावातले कोळी, सहा महिन्यांपूर्वी वारलेले. धाकटा भाऊ त्याआधीच गेला होता. त्या भावाची बायको सासऱ्याला सांभाळून बाजारात मासळी विकायची.

"साहेब, वडिलांचं मृत्युपत्र खोटं आहे," तो म्हणाला. "भावजयीनं घर स्वतःच्या नावावर करून घेतलंय. हे बघा."

एका नातेवाइकानं भावजयीकडे तो कागद पाहिला होता आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून याला पाठवला होता. तळाशी दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि वडिलांच्या नावासमोर निळ्या शाईचा अंगठा.

"माझे वडील सही करायचे, साहेब. बँकेत सही, रेशन कार्डाच्या अर्जावर सही. मग इथेच अंगठा कसा?"

प्रश्न बिनतोड होता. खरं सांगतो, मला तेव्हाच वाटलं की बाईनं आजारी म्हाताऱ्याचा हात धरून अंगठा उठवला असणार. माझे आजोबा अंगठेबहाद्दर. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मला तालुक्याच्या शाळेत घातलं आणि घरातला पहिला पदवीधर मी झालो. ज्याला सही येते तो अंगठा देईलच कशाला, असं माझं पक्कं मत होतं.

अर्ज चौकशीवर घेतला. मृत्युपत्र खोटं ठरलं तर अर्धं घर थोरल्याचं होणार होतं. घर दोन खोल्यांचं, ते विकल्याशिवाय वाटणी व्हायची नाही. म्हणजे बाईचं छप्पर जाणार. शिवाय बनावट तिनंच केल्याचं सिद्ध झालं असतं तर ती थेट कोठडीत गेली असती.

दुसऱ्या दिवशी तिला जबाबासाठी बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसल्या होत्या. बाई मासळीची पाटी बाहेर व्हरांड्यात ठेवून आत आली. तिचा एक डोळा सारखा पाटीकडे.

"सही येत असताना अंगठा का?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"ते मना काय ठाव? कागद केला त्या वकीलबाईंनी मना खाली दुकानाच्या पायरीवर बसवलेलं."

"का?"

"बोलल्या, ज्याला घर मिळायचंय तो आत नको."

"म्हणजे तू काही पाहिलंच नाहीस?"

"नाय." मग ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, बांना सही कोनी शिकवली? मीच. दोन महिने पाटीवर गिरवून घेतली. मना खोटंच करायचं असतं तर सहीच नसती केली? ती माज्या हातची हाय. अंगठा कुठून आनू मी?"

हवालदारबाई खाली बघून हसल्या. बारा वर्षं गुन्हे तपासलेल्या माणसाला हे सुचू नये? बाहेर मांजरानं पाटीत तोंड घातलं तशी ती जबाब अर्धा टाकून धावली. तिला परत आणायला हवालदार गेला आणि एक बोंबील हातात घेऊन आला. तो बोंबील त्याला परत करायला लावला.

वकीलबाईंचं ऑफिस कल्याणला, भांड्यांच्या दुकानावर. बाई साठीच्या. सगळी वकिली घरगुती: वारसा, मृत्युपत्रं, नवरा-बायकोची भांडणं. टेबलावर फायलींपेक्षा चहाचे कप जास्त. "माझं निम्मं काम म्हणजे रडणाऱ्याला चहा पाजणं," त्या म्हणाल्या. "बसा, साहेब."

मृत्युपत्र करायला आलेल्या माणसाला त्या कमीत कमी तीनदा बोलवत. दर वेळी घरच्यांना खाली बसवत आणि तोच प्रश्न विचारत, कोणाला काय द्यायचं आणि का. तिन्ही वेळा उत्तर सारखं आलं तरच कागद करायचा.

"आणि अंगठा?"

"मी त्यांच्यासमोर पेन ठेवलं. त्यांनी बाजूला सारलं. म्हणाले, सही शिकवलेली हाय, अंगठा देवानं दिलेला. बँकेला सही पुरं. पोराबालांना मी सही देऊ काय?"

हे ऐकायला गोड होतं, पण पुरावा म्हणून पुरत नव्हतं. पहिला साक्षीदार बाईंचाच कारकून. दुसरा म्हाताऱ्याचा होडीवरचा जोडीदार, सत्तरी उलटलेला. त्याला शोधत आम्ही खाडीवर गेलो. तो जाळं विणत होता, वर बघायलाही तयार नव्हता.

"आजोबा, हा अंगठा तुमच्या मित्राचाच का?"

"मना काय इचारतंस? होरीला इचार."

पलीकडे ताडपत्रीखाली होडी उलटी ठेवली होती. म्हाताऱ्याची पद्धत अशी, की दर वर्षी होडी रंगवून झाली की ओल्या तेलरंगात पुढच्या टोकाला डावा अंगठा दाबायचा. "होरीला वचन देतो, बोलायचा. जीव सांभाल, मी तुला सांभालतो." ताडपत्री काढली. निळ्या रंगात अंगठा लख्ख उमटलेला. एकेक रेष मोजावी असा.

दोन पंच बोलावून पंचनामा केला, फोटो घेतले, मूळ मृत्युपत्रासोबत अंगुली मुद्रा केंद्राला पाठवले. तज्ज्ञाचा फोन आला तेव्हा तोही खुशीत होता. "साहेब, होडीवरून नमुना पहिल्यांदाच आला. दोन्ही ठसे एकाच अंगठ्याचे."

मी दोघा वारसांना आणि वकीलबाईंना ठाण्यात बोलावलं. थोरल्यानं अहवाल वाचला, मान खाली घातली. "म्हणजे बाबांनी मला काहीच ठेवलं नाही," एवढंच म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा घरासाठी आलाच नव्हता.

वकीलबाईंनी विचारलं, "तुम्ही मृत्युपत्र वाचलंत?"

"फोटो पाहिला की."

"शेवटच्या पानाचा. मी तुम्हाला रजिस्टरनं संपूर्ण प्रत पाठवली होती." त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. वर पोस्टमनचा शेरा, 'घेण्यास नकार'.

"वकिलाचं रजिस्टर घ्यायचं नसतं," तो पुटपुटला. "घेतलं की माणूस अडकतो. सगळे सांगतात."

"दादा, तुमी ना!" भावजयीनं कपाळावर हात मारला.

आमच्याकडचा हा जुना रोग. पोलिसाचं समन्स, वकिलाचं पाकीट, परत पाठवलं की बला टळली! मी ते पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं फोडलं, आणि दुसऱ्या पानावर त्याची नजर अडकली. अंगठ्याच्या नादात मीही ते पान नीट वाचलं नव्हतं. त्यानं पान वकीलबाईंपुढे सरकवलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं:

"माझी होडी माझ्या थोरल्या मुलाला. होडी बांधायची जागा माझ्या घराच्या दारातली, घर सुनेचं झालं तरी. त्याला तिथं यायला कोणी अडवू नये."

वकीलबाई हळूच म्हणाल्या, "पहिल्या दोन वेळी ते म्हणाले होते, थोरल्याला काही नको, तो येतच नाही. तिसऱ्यांदा मी विचारलं, तो यावा असं वाटतं का? तेव्हा त्यांनी हे सांगितलं. त्यानंतर पुन्हा तीनदा बोलवलं मी त्यांना. उत्तर बदललं नाही."

थोरल्यानं अर्ज मागे घेतला. तसा जबाब नोंदवताना तो एकीकडे रडत होता, एकीकडे हसत होता, आणि भावजय त्याला म्हणत होती, "पुरं आता, चला घरी, जवला केलाय."

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. मी शाळा शिकलो म्हणून सहीला मोठी आणि अंगठ्याला लहान समजत होतो. ज्या घरानं मला शिकवलं त्या घराचे सगळे शब्द अंगठ्यावरच पाळले गेले होते, हे मी विसरलो होतो. दुसरी गोष्ट, घर तुटू नये म्हणून आम्ही पोलीस जेवढं करतो, त्याहून कितीतरी जास्त काम एखादी वकीलबाई चहा पाजून, प्रश्न विचारून करून ठेवते, आणि त्याची नोंद कुठल्याच डायरीत होत नाही.

पुढच्या मोसमात एका रविवारी मला बोलावणं आलं. गेलो. थोरला होडीत एकटा, हातात वल्हं. आयुष्य लेथवर गेलेलं, होडी जागच्या जागी गोल फिरत होती. सगळं गाव काठावर हसत होतं. भावजय दारात पदर खोचून उभी राहून ओरडत होती, "दादा, डाव्या अंगाला! अवो डाव्या! बा बघतायत वरून!"

अर्ध्या तासानं होडी कशीबशी तिच्या दाराला लागली. त्यानं दोर खुंट्याला बांधला, आणि तिनं आतून हाक दिली, "पाय धुवून घ्या, पान वाढलंय."