चष्मा आणलाय का?

सोळुंके सरांची आणि माझी पहिली भेट आष्टीच्या शाळेत झाली. ते वाणिज्य शिकवीत, मी चित्रकला. बदलून आलो त्याच आठवड्यात विम्याचा एक कागद त्यांच्यापुढं ठेवून मी विचारलं, "सही करू का?" ते म्हणाले, "चष्मा आणलाय का?" नव्हता आणला. "मंग जा, घेऊन या." आज पंच्याहत्तरी गाठलेल्या सरांनी या एका प्रश्नानं सारी पंचक्रोशी हैराण केली आहे.

हैराण हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. निवृत्तीची सगळी पुंजी मी एका सागवान योजनेत घालायला निघालो होतो. पर्यावरणही वाचणार, परतावाही मिळणार. माहितीपत्रकावरचं हिरवं पान तर इतकं सुरेख काढलं होतं की चित्रकलेचा मास्तर विरघळलाच. "सर, हो की नाही एवढंच सांगा," मी म्हणालो. "पैसा तुमचा, मंग डोळे माझे कामून?" असं म्हणून त्यांनी बारीक अक्षरातली चारही पानं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, कंपनी ही रक्कम तिला योग्य वाटेल त्या व्यवसायात वापरू शकेल. झाडांचं पुढं नावही नव्हतं. "हिरवा रंग छापायला कितीक खर्चा लागतो?" सरांनी शांतपणे विचारलं.

पुढं पैसे गुंतवण्याआधी शेतकऱ्यांच्या एका संस्थेचं सोलरवर चालणारं मोसंबीचं शीतगृह पाहायला सर स्वतः एसटीनं माझ्यासोबत आले. वीज किती बनते, तोटा झाला तर कोणाचा, असं भर उन्हात विचारीत राहिले. मी कंटाळलो, ते नाहीत. निघताना म्हणाले, "बराबर समजलं तेवढेच घाला, सगळे न्हाई." मी तसंच केलं, म्हणून आज माझं म्हातारपण सुखात आहे, हे मला इथं सांगितलंच पाहिजे.

दर रविवारी वाचनालयात सर हेच फुकट शिकवतात. आम्ही माना डोलावतो, चहा पितो आणि पाहुणा सांगेल तिथं पैसे घालून मोकळे होतो. पालथ्या घड्यावर पाणी. सर चिडत नाहीत, म्हणून मला चिडावं लागतं.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघालेल्या याच गौरवग्रंथाचा छपाईपूर्व नमुना मी त्यांना दाखवायला गेलो. त्यांनी मलपृष्ठ माझ्यापुढं धरलं. ग्रंथाच्या खर्चासाठी आमच्या गौरव समितीनं घेतलेली जाहिरात, तीच सागवान योजना, तेच सुरेख पान.

"समितीत किती जण आहेत?"

"अकरा."

"अन् चष्मे?"

जाहिरात काढली आहे, म्हणून मलपृष्ठ कोरं आहे. सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आमची प्रगती पाहता त्यांना ते लागणारच आहे.