आधी विचारून

जयनगरच्या एका संस्थेत मी दर शुक्रवारी लोकांच्या फोन नंबरांचा सामाईक डेटाबेस कसा वापरायचा ते शिकवायला जातो. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एक बाई आहेत, सगळे त्यांना नुसतं अक्का म्हणतात. त्यांची बोटं की-बोर्डवर भराभर चालतात, तरी काम सगळ्यात मागे. कारण कुणाचाही नंबर भरण्याआधी त्या त्यालाच फोन लावतात आणि कानडीत विचारतात, "हा आता ऑफिसात सगळ्यांना दिसणार. चालेल ना?"

"अक्का, असं कधी संपायचं?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"स्वल्प थांबा की."

तेवढ्यात फोनवरची बाई नको म्हणाली. अक्कांनी तिचं टाइप केलेलं नाव लगेच पुसलं.

"का नको म्हणाली?"

"ते कशाला विचारायचं?"

परवा मी निघताना त्यांनी माझं नाव टाइप करायला घेतलं. "तुमचा नंबर घालू काय? सगळ्यांना दिसेल हां."

संपर्क एकट्याचा नसतो, संस्थेचा असतो, हे मीच सकाळपासून सगळ्यांकडून घोकून घेत होतो. तरी माझ्या तोंडून चटकन हो निघेना.

अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सरी, ठीक आहे," म्हणाल्या, आणि माझं अर्धं नाव पुसून टाकलं.