फळ्यावरचं नाव

आज द हेगच्या बाजारात बर्फावर ट्राउट मासा दिसला आणि बारा वर्षांपूर्वीचा संताप पुन्हा उसळला.

नवऱ्याच्या ऑफिसची सहल, नदीकाठचं रिसॉर्ट, पावसानं गढूळ झालेलं पाणी. "मासे आज तळाशी आहेत," मालकानं सांगितलं होतं, तरी नवरा सकाळपासून गळ वरवरच टाकत होता. मी खाडीकाठची, त्याच्या हातातला गळ घेतला, खोल सोडला आणि हातभर ट्राउट ओढून काढला.

सर्वांत मोठा मासा पकडणाऱ्याचं नाव रिसॉर्टच्या फळ्यावर लागायचं; मालकानं लिहायला नाव विचारलं. नवऱ्यानं बेधडक स्वतःचं सांगितलं. "ऑफिसचे लोक बघतायत गं," मला म्हणाला. मी गप्प बसले. तेव्हा मी त्याला समजूतदारपणा म्हणायचे.

तेव्हाचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. त्यात नवरा हसतोय, पण माशाची शेपटी धरलेला हिरव्या बांगड्यांचा हात माझा आहे.

संध्याकाळी पाहुणे येतायत. तो पुन्हा तीच शेखी मिरवेल. मी ट्राउट घेतला. वाढताना त्याच बांगड्या घालणार आहे.