तण समजून मारवेलवर फवारणी

मित्रहो, आज सकाळी मी चुकलो. पालेगावातल्या आमच्या सोसायटीमागच्या उतारावर तणनाशक मारायचा ठराव माझाच. फवारणी सुरू होताच शेजारच्या कमलताई विळा घेऊन धावत आल्या.

"दादा, तण नाय हे, मारवेल हाय! माझी म्हैस यावरच जगते."

"ताई, गवत ते गवत."

"भाषणं ठोकता, जरा हात लावून बघा की!"

बघितलं. प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं, शेंड्याला बोटांसारखे जांभळट तुरे. दरवर्षी त्याच जुन्या ठोंबातून फुटणारं, इथलंच गवत.

फवारणी थांबवली. पण अर्धा उतार भिजला होता. तिथला चारा आता म्हशीला घालता येणार नाही.

ज्याचं नावही ठाऊक नाही, ते मारून टाकायचा हक्क आपल्याला कुणी दिला?