वहिनीचे बसलेले बैल

आमच्या वहिनीइतकं हट्टी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचं नाही, आणि सापडलंच तर हिंगणीला तिच्या माहेरीच सापडेल. मोबाइलवर शेती करायचा खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला आहे. कंपनी बंगलोरला आणि वहिनी पिपरी मेघेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत. सण आला की तो खेळात आणायचा, हे तिचं काम. कंपनीच्या मते हे अगदी सोपं आहे. झेंडूची माळ लावा, फटाके उडवा, बक्षिसाची पेटी ठेवा, झाला सण. वहिनीच्या मते असं म्हणणाऱ्याला सणावाराला कुणी जेवायला बोलावत नसावं. संक्रांतीला तिने खेळातल्या बायांना हळदीकुंकवासाठी घरोघर पाठवलं, तेव्हा तिच्या कंपनीतल्या साहेबाने विचारलं की यात जिंकायचं काय. वहिनीने सांगितलं, जिंकायचं काही नसतं. जायचं, बसायचं आणि उशीर झाला म्हणत अजून थोडं बसायचं.

तिच्या या कामापायी घरातलं कुणी सुटलेलं नाही. बैलांसाठी तिला घुंगरमाळेचा खरा आवाज हवा होता. इंटरनेटवरचा आवाज तिला देवळातल्या घंटेचा वाटला, आणि माहेरच्या गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो. मग तिने माहेरची जुनी माळ आणली आणि ती माझ्या सख्ख्या भावाच्या गळ्यात बांधून त्याला भर गल्लीत फिरवलं. भाऊ बँकेत अधिकारी आहे. "जरा मान हालवत चाला नं," असं म्हणत वहिनी फोन धरून मागे, आणि शेजारपाजारची सगळी दारं उघडी. खेळातला बैल चालताना जो आवाज येतो तो माझ्या भावाचा आहे, ही गोष्ट बँकेत कळू नये अशी त्याची फार इच्छा आहे.

खरी ठिणगी पडली ती पोळ्यावरून. साहेबाने योजना पाठवली की पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल दुप्पट वेगाने नांगरतील आणि पीकही दुप्पट येईल. वहिनीने ती वाचली आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"भाऊजी, ज्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाई, त्याच दिवशी हे त्याले दुप्पट जुंपून राह्यले."

मी म्हणालो, "वहिनी, तो खेळातला बैल. त्याला काय कळतं?"

"त्याले नाई कळत. मले कळते नं."

तिने उलटीच मांडणी केली. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पोळ्याला त्याला धुवायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी भरवायची. आणि कुणी जुंपायला गेलंच, तर बैल सरळ खाली बसेल. साहेब म्हणाला, नांगरता आलं नाही तर लोक दुसऱ्या खेळात जातील. त्या दिवशी वहिनीचे बाबा आमच्याकडे आले होते. गुडघे गेल्यावर त्यांनी शेवटची जोडी विकली, आणि तेव्हापासून ते बैलबाजाराच्या रस्त्याने जात नाहीत, वळसा घालून जातात. वहिनीने साहेबाला व्हिडिओ कॉल लावला आणि त्यांनाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. बाबांनी साहेबाचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बैल कोनाचे आहेत?"

कंपनीचे, साहेब म्हणाला.

"मंग पोयाले जुंपल्याचं पाप बी कंपनीलेच लागन."

शेवटी साहेब म्हणाला, करा तुमच्या मनासारखं. पण लोक बिथरले तर सगळं बंद, आणि पुढचे सण दुसऱ्या कुणाकडे. वहिनीने क्षणभरही विचार केला नाही. चालेल म्हणाली.

पोळ्याच्या सकाळी गावोगावच्या मोबाइलमधले बैल बसले आणि तक्रारी सुरू झाल्या. कुणाला वाटलं खेळ बिघडला, कुणाला वाटलं बैल आजारी पडला. एका बाईने तर औषध कुठे मिळेल म्हणून विचारलं. वहिनी एकेकाला स्वतः उत्तर देत होती: आजारी नाही, आज त्याचा सण आहे, त्याला जेवू घाला. त्या औषधवाल्या बाईने मग रंगवलेल्या शिंगांचं चित्र पाठवलं. आणखीही काहींनी पाठवलं. पण रागावलेले लोक जास्त होते, आणि दुपारी साहेबाने पोळा बंद केला. बैल उठले, नांगर चालू झाले. वहिनीकडचे सण गेले. माफी मागून बघा, असं मी सुचवलं, तर माझ्यावरच उखडली. "काऊन? मी काय चुकीचं केलं?" मला तिचा फार अभिमान वाटला आणि कंपनीचा संताप आला.

संध्याकाळी आम्ही हिंगणीला गेलो. बाबा गोठ्यात होते. ट्रॅक्टरच्या बाजूला जुन्या गव्हाणीत त्यांनी फोन टेकवून उभा केला होता आणि त्याच्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवलं होतं. पडद्यावर बैलजोडी उभी होती आणि नांगर लांब एका कडेला पडला होता.

"त्याईनं उठवले म्हून उठले," बाबा म्हणाले. "मी काई जुंपले नाई."

साहेबाला न घाबरलेली आमची वहिनी ट्रॅक्टरचं चाक धरून नुसती उभी राहिली.

बाबांनी विचारलं, "हे विकता येतात काय वं?"

"नाई बाबा. यायले विकता येत नाई."

"बरं आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं.