टीव्हीवाल्यांनी कापलेला शेवट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि आमच्या घरात तिला न सांगता मिठाचा डबासुद्धा जागचा हलत नाही, यावरून काय ते समजा. गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. एका पिक्चरच्या शेवटाची. त्यात कबूल करण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. मीही इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आलो.

आधी बसचं सांगतो. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. कंपनीची बस सक्करदऱ्याहून निघायची आणि साऱ्या नागपूरला वळसा घालून तासाभरानं गेटवर पोचवायची. त्या तासात माणसानं करायचं काय? कोणी डुलक्या काढायचे, कोणी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचे. आणि मी पिक्चरची स्टोरी सांगायचो. फायटिंगचे आवाज तोंडानं काढायचो, हिरोइनचं रडणं स्वतः रडायचो. स्टोरी रंगात आली की ड्रायव्हर गाडी मुद्दाम हळू हाकायचा. 'पिक्चरवाले' म्हणून मला खिडकीची सीट राखून ठेवलेली असायची. फिटर म्हणून माझा मान किती होता, ते मात्र विचारू नका.

आता यातली मेख. सेकंड शिफ्ट असली की आम्ही बाराच्या खेळाला टॉकीजमध्ये बसायचो आणि सव्वादोनला चौकात बस पकडायचो. म्हणजे पिक्चर शेवटाला आला रे आला, की डबा काखेत मारून बाहेर. सेकंड शिफ्टवाल्यांनी आयुष्यात कितीतरी व्हिलन मरताना पाहिलेच नाहीत! बाकीचे हे हसत कबूल करायचे. मी कसं करणार? पिक्चरवाल्यानंच शेवट पाहिला नाही, तर खिडकीची सीट कशाची? मग मी आपल्या मनानं शेवट लावून द्यायचो. बहुतेक वेळा जमून जायचं. व्हिलन मरतो, हिरोचं लग्न होतं — यात चुकायला जागा किती?

पण एक पिक्चर आई-मुलाचा होता. आई खाटेवर, डॉक्टरांनी मान हलवलेली, मुलगा जेल तोडून धावत निघालेला. आणि माझी बसची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्या आईला वाचवलं. नुसतं वाचवलं नाही — तिला रेल्वे स्टेशनवर आणून उभं केलं. हिरो गाडीतून उतरतो, आई पदरातून एक संत्रं काढते, सोलते, पहिली फोड त्याच्या तोंडात घालते आणि म्हणते, 'खा बाळा, आंबट नाही.' बसमध्ये दोन-तीन जणांनी डोळे पुसले. पिक्चर सगळा बर्फाच्या डोंगरातला होता हो! तिथल्या बाईच्या पदरात संत्रं कुठून आलं, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. नागपूरचा माणूस कशावरही शंका घेईल, संत्र्यावर घेणार नाही.

इथवर ठीक होतं. पण दोन वर्षांनी तोच पिक्चर रविवारी टीव्हीवर लागला. आई मेली. चांगली पाच मिनिटं घेऊन मेली. मी आमच्या ब्लॅक अँड व्हाइटसमोर बसलो होतो आणि मला घाम फुटला होता, कारण सोमवारी बस होती.

सोमवारी सगळे तयारच होते. आणि मी — पडलो तरी नाक वर — खिडकीत बसता बसता म्हणालो, "अरे, टीव्हीवाल्यांनी कापलं ना! बातम्यांची वेळ झाली होती. टॉकीजमध्ये होतं."

मला वाटलं, आता हसतील. पण मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, होतं, होतं, मीही पाहिलं. दुसऱ्यानं री ओढली. तिसऱ्याला तर आईच्या लुगड्याचा रंगही आठवला. एकानं संत्रं नव्हतं, मोसंबी होती, असा वाद काढला आणि दोन स्टॉप त्यावर भांडण झालं. मी थक्क. माझंच खोटं, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. खरं सांगू? मजा वाटली. अजूनही आठवलं की हसू येतं. तुम्हाला नसतं आलं?

फक्त एका माणसानं री ओढली नाही. ढोबळे. आमच्या स्टोअरमधले, काटोलकडचे. माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे, पण संत्र्याच्या दिवशी रजेवर होते. त्यांनी तो पिक्चर सुट्टीच्या दिवशी टॉकीजमध्ये पुरा पाहिला होता, आणि एकदा नव्हे, दोनदा — दुसऱ्यांदा सासूबाईंना घेऊन. ते आपल्या सरळ स्वभावाप्रमाणे म्हणाले, "नाई गा. माय मरते. संत्रं गिंत्रं काई नाई त्यात."

बस त्यांच्याकडे वळली. माझ्याकडे एक क्षण होता, पुरेसा मोठा. मी म्हणालो, "ढोबळे, तुम्ही कटपीस पाहिला."

कटपीस म्हणजे कापडाच्या दुकानात ताग्याचा उरलेला तुकडा स्वस्तात विकतात ना, तो. बस अशी काही हसली की ड्रायव्हरनंही मागे वळून पाहिलं. ढोबळ्यांचं नाव त्या दिवसापासून कटपीस पडलं. गेटवर कटपीस, कँटीनमध्ये कटपीस. त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवातसुद्धा कोणीतरी तशी हाक मारली आणि व्याही विचारत राहिले, हे कोण?

एवढंच असतं तर मी हे सांगायला बसलोच नसतो. नावं काय, सगळ्यांनाच पडतात. मला 'पिक्चरवाले' म्हणत नव्हते का? बघा — मी पुन्हा आडवळणाला लागलो. येतो, मुद्द्यावर येतो.

ढोबळ्यांची आठवण किती पक्की होती, हे कंपनीत एकट्या मला धड माहीत होतं. बाकी सगळ्यांना ते विसरभोळे वाटायचे, कारण अख्ख्या बसला आठवणारी गोष्ट त्यांना आठवत नव्हती. ती गोष्ट घडलीच नव्हती, हे जाणणारा मी एकटा. पुढे एकदा स्टोअरची किल्ली हरवली. सुपरवायझर म्हणाला, ढोबळ्यांनी मला दिलीच नाही. ढोबळे म्हणाले, दिली. कँटीनमध्ये, बेसिनपाशी, तुम्ही हात पुसत होता, डाव्या खिशात टाकली. इतकं बारीक! खोटं बोलणाऱ्याला संत्रं सुचतं, बेसिन सुचत नाही, हे माझ्याशिवाय कोणाला कळणार होतं?

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "कटपीस, शेवट इसरले असान तुमी."

सगळे हसले. मीही हसलो. नाही — नीट सांगतो. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. लोक माझ्याकडे बघूनच हसत होते, कारण विनोद मूळचा माझा होता. ढोबळे आपल्याच तळहाताकडे बघत राहिले, जणू किल्ली तिथे दिसेल. मग हळूच म्हणाले, "असन. माह्याच ध्यानात नसन." आणि त्यांनी किल्ली हरवल्याच्या मेमोवर सही केली.

किल्ली पुढे पावसाळ्यात सुपरवायझरच्या रेनकोटच्या खिशात सापडली. डाव्या. त्यानं ती हसत हसत खिळ्याला टांगली. मेमो फाइलमध्ये तसाच राहिला. मी काय केलं? त्या दिवशी बसमध्ये नवीन पिक्चर सांगितला. चांगला रंगला होता.

आता आम्ही दोघंही रिटायर आहोत. ढोबळे माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात आणि दर रविवारी दुपारी चहाला येतात. माझ्यावर त्यांचा जीव आहे. परवाच्या रविवारी त्यांच्या नातीनं तो पिक्चर कुठूनसा शोधून आमच्या टीव्हीवर लावून दिला. आम्ही दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसलो, बसमध्ये बसायचो तसे, आणि पुरा पाहिला. मी तर शेवट टॉकीजच्या रंगात पहिल्यांदाच पाहत होतो. आई मेली. स्टेशन नाही, संत्रं नाही. बर्फ पडत राहिला.

ढोबळे पडद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "इथं बी कापलं काय गा?" मी रिमोट शोधायला लागलो. तेव्हा ते बारीक आवाजात म्हणाले, "का मंग मीच बरोबर होतो तवा?"

मी तुम्हाला त्यांचा चेहरा कसा सांगू? सत्तरीच्या माणसाचा नव्हता तो. फळ्यावरचं उत्तर बरोबर आलं की काय, असं वाटून हात अर्धवट वर करणाऱ्या पोराचा होता. एक शब्द पुरे होता. बसमधलं कोणी नव्हतं. खिडकीची सीट नव्हती. हसणारं कोणी नव्हतं. मला भ्यायचं कशाला होतं? आणि जित्याची खोड म्हणतात ती हीच — मी म्हणालो, "कापलं, ढोबळे. आता तर सगळीकडे कापलेलाच मिळतो."

त्यांनी मान डोलावली. वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही, उलट जरा सुटल्यासारखेच वाटले. म्हणाले, आपलं डोकं पहिल्यापासूनच असं, काही खरं नाही त्याचं. किल्लीच्या मेमोपासून ते सगळं लिहून ठेवतात — गॅस बंद केला, गोळी घेतली, कुलूप लावलं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेन झटकलं आणि सावकाश लिहिलं: माय मरत नाही. स्टेशनवर येते. खाली माझं नाव घातलं, सांगणाऱ्याचं म्हणून.

मग डायरी माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, बरोबर लिहिलं ना? मी चष्मा लावून वाचलं आणि बरोबर आहे म्हणालो.