पूजेत मांडलेले स्टँड

आमच्या गाडीचं बारीकसारीक काम गॅरेजला जात नाही. माझ्या यजमानांनी निवृत्त झाल्यावर ऑइल बदलणं, ब्रेक साफ करणं असली कामं आमच्या पाथर्डी फाट्याजवळच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्येच सुरू केली. मला आधी वाटलं, थोड्या दिवसांची हौस आहे, उतरेल. पण माणूस चिवट निघाला. पानेबिने आणले, चाकांवर सरकणारा मोठा जॅक आणला आणि लोखंडी तिपाईसारखे दोन दणकट स्टँड आणले.

त्या स्टँडवरून मी किती ऐकलंय ते माझं मला माहीत. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळतं. जागा सपाट हवी. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून विटा लावायच्या. जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात दाखवलेलं असतं, तिथेच लावायचा. मग स्टँड सरकवायचे, गाडी हळूच त्यांच्यावर टेकवायची आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायची. जागची हलली नाही तरच आत जायचं. शेजारचे एक गृहस्थ नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरले होते, तर ह्यांनी त्यांना पाय धरून ओढून काढायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

दसऱ्याला मात्र ह्या सगळ्या सरंजामावर माझी सत्ता. माझं माहेर सटाण्याचं. आमच्याकडे दसऱ्याला घरातली झाडून सगळी हत्यारं पुजतात आणि पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नाही. गाडीचीही पूजा होते, पण ती चालवलेली चालते. असं का, ते मला विचारू नका. आमच्यात असंच आहे. त्या वर्षीही मी पोर्च धुतला, रांगोळी काढली, पाट मांडला आणि त्यावर माझी विळी, कात्री, ह्यांचे पाने आणि दोन्ही स्टँड ओळीने ठेवले. मोठा जॅक पाटाला टेकवून ठेवला. सगळ्यांना हळद-कुंकू, अक्षता आणि वरून झेंडूची माळ. गाडीला हार घालून ती फाटकाबाहेर रस्त्यावर उभी केली होती.

संध्याकाळी सटाण्याला भावाकडे सोनं द्यायला जायचं होतं. आदल्या दिवशी द्वारका चौकात गाडी खड्ड्यात आदळली आणि तेव्हापासून खालचा कुठलासा पत्रा लोंबकळून रस्त्याला घासत होता. ही खरखर सटाण्यापर्यंत ऐकली तर माझं डोकं फुटेल, असं मी सकाळपासून येता-जाता म्हणत होते. गॅरेजं तर सगळी बंद. हे म्हणाले, बघतो काहीतरी.

जेवणं उरकल्यावर, भावासाठी श्रीखंड कुठल्या डब्यात भरू ते विचारायला मी बाहेर आले, तर गाडीखालून ह्यांचे पाय दिसले, शेजारी डिकीतली पान्यांची पिशवी. रस्त्याला तिथे थोडा उतार आहे. गाडीची पुढची बाजू उचललेली आणि तिच्याखाली काय, तर डिकीत पडून असतो तो, गाडीसोबत मिळालेला लहानसा जॅक. बाकी काही नाही. चाकाला वीटसुद्धा नाही.

ओरडणार होते, पण दचकून ह्यांचा धक्का कुठे लागला तर, म्हणून आवाज गिळला. खाली वाकले आणि जमेल तितक्या शांतपणे म्हटलं, "अहो, बाहेर या."

एकच बोल्ट राहिलाय, आलोच, असं आतून उत्तर आलं.

"बोल्ट राहू द्या. कशालाही हात लावू नका. आधी बाहेर या."

माझा आवाज ऐकून त्यांना काहीतरी कळलं असावं. ते पाठीवर सरकत सरकत बाहेर येईपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. उठून उभे राहिले, वैतागून माझ्याकडे बघितलं आणि मग मी जिकडे बघत होते तिकडे बघितलं. जॅक उताराकडे कलला होता. त्याचा तळ एका बाजूने रस्त्यावरून उचलला गेला होता. ह्यांनी मला लांब उभं केलं आणि बाजूला राहून हँडल हळूहळू फिरवत गाडी खाली घेतली.

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. साऱ्या गल्लीला अक्कल शिकवता आणि स्वतःची कुठे गहाण टाकली होती? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे मी काय करायचं होतं? बोलता बोलता रडू यायला लागलं, त्याचाही राग आला. तशीच पोर्चमध्ये गेले, रांगोळीवरून पाय देत पाटावरचा एक स्टँड उचलला. माळ तुटली आणि फुलं सगळीकडे घरंगळली. स्टँड आणून ह्यांच्या पुढ्यात आदळला. दुसरा आणायला वळले, तर ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, आज नको काढूस, आपण बसने जाऊ.

"इथे दारातच होते ना हे," मी म्हटलं. "उचलायला काय झालं होतं?"

ते स्टँडला लागलेल्या कुंकवाकडे बघत राहिले.

"गेल्या दसऱ्याला मी पूजेतला एक पाना घेतला होता," ते म्हणाले. "तू रात्रीपर्यंत जेवली नव्हतीस."

मला ते आठवतही नव्हतं. हे मात्र ते लक्षात ठेवून गाडीखाली गेले होते.